चार बोटांची थाप

सन त्रेपन्नातला कार्तिक. धान पिवळं पडलं होतं, अन् नवेगाव बांधचं भजनी मंडळ उदारामच्या आंगणात टाळ घेऊन बसलं होतं. उदाराम तेवढा नव्हता. दहा दिवसांआधी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, पाण्याच्या पाळीचं भांडण सोडवायला गेला, अन् दुसऱ्यासाठी उचललेली कुऱ्हाड याच्या मानेवर बसली.

उदाराम म्हणजे मंडळातला वात्रट नंबर एक. बकारामबुवा अभंग लांबवत बसले की हा मधेच कोंबड्यासारखा आरवायचा. वात्रट नंबर दोन खुशाल. खुशालची एखादी खोडी साधली की उदाराम त्याच्या पाठीत थाप घालायचा, "जमलं लेका!" उजव्या हाताचं एक बोट उसाच्या चरकात गेलेलं, म्हणून थाप चारच बोटांची.

त्याची बायको अनुसयाबाई दहा दिवस नुसत्या पाण्यावर होती. "कुऱ्हाडीनं मेलेला वाट चुकते म्हणतेत," ती म्हणाली. "थो घरी आला, हे दिसल्याबिगर मी घास नाही घेत."

दहाव्याच्या सांजेला रीतीप्रमाणं माजघरात दिवा लावला, भोवती तांदळाचं पीठ चाळलं, वर टोपली पालथी घातली. पिठात ज्या जिवाचं पाऊल उमटेल, त्या रूपानं माणूस घरी आला म्हणायचं. सगळे बाहेर भजनाला बसले.

खुशालच्या खिशात कोंबड्याचा पाय होता. गळ्यात माळ असून पाय आला कुठून, ते विचारू नये. तंबाखूचं निमित्त काढून तो मागच्या दारानं आत शिरला. टोपली उचलली, पाय दाबला. एक, दोन, तीन. वारा नव्हता, पण ज्योत त्याच्याकडे वाकली. त्यानं टोपली घातली अन् सटकला.

"काऊन गा, घाम येऊन राहिला तुले?" बुवांनी विचारलं.

"तुमचा सूर ऐकून, बुवा."

भजन संपलं. बुवा टोपली उचलून पिठावर वाकले.

"काय हाये?" अनुसयाबाईचा आवाज फाटला.

"कोंबडा हाये, बाई!"

सगळ्यांआधी तीच हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून धारा, अन् हसणं थांबेना. "मेल्या, कोंबडाच होऊन आला का गा!" सत्तर वर्षांचे बुवा मान उंचावून आरवले. सगळं आंगण आरवलं. लोक रडत होते अन् पोट धरून हसत होते. अनुसयाबाईनं भाताचा पहिला घास घेतला.

खुशालही हसत होता. पण ठसे त्यानं पुन्हा मोजले.

सात होते.

चार त्याचे नव्हते. ते दिव्यापासून निघून मागच्या दाराकडे गेले होते. तो गेला, त्याच वाटेनं.

उंदीर असेल, असं म्हणत तो घरी आला. पाय धुतले, बंडी काढली.

"अवो, पाठीले पीठ कायचं लागलं?" त्याची बायको नंदाबाई म्हणाली.

"बंडीले लागलं असन."

तिनं बंडी उजेडात धरली. स्वच्छ होती.

"पंजा हाये," ती हळूच म्हणाली. "कोनाची थाप हाये थे?"

"बोटं मोज."

तिनं मोजली. चार.

खुशालला हसू आलं. मग त्यानं हात मागं नेऊन पिठाला लावला.

ते अजून गरम होतं.