बँजोचा डावा पाय

बदलापूर गावातल्या त्या हळदीत सगळे टाळ्या वाजवत होते. ऋता तेवढी गप्प उभी होती.

मांडवाच्या मधोमध एक पांढरा, गुबगुबीत पोमेरेनियन कुत्रा नाचत होता. त्याचं नाव बँजो. वादकांनी ठेका वाढवला की तो गोल गोल पळे, मध्येच मागचा डावा पाय पोटाशी उचले, तीन पायांवर उड्या मारी आणि मग तो पाय मागे झटकून पुन्हा चारही पायांवर येई. त्या झटक्यावर नेमकी थाप मारायला ढोलकीवाला शिकला होता. आसपासच्या गावांत हळद ठरली की आधी जेवणवाला बघत, मग वादकांची बँजो पार्टी, आणि मग हा बँजो.

ऋताने मटण-वड्यांची प्लेट खुर्चीवर ठेवली आणि ती गर्दीतून पुढे गेली. कुत्र्याच्या मागे एक तरुण उभा होता. केसांपासून कोपरांपर्यंत पिवळा.

"हा तुमचा कुत्रा? त्याला थांबवा."

"काय बोलता मॅडम, आता तर रंगात आलाय." त्याने हळदीचा हात पुढे केला. "तुम्ही पण या."

ती चटकन मागे सरकली. "मला हळद नको. मला हात स्वच्छ ठेवावे लागतात. आणि हा नाचत नाहीये. त्याच्या गुडघ्याची वाटी सरकतेय."

"तुम्ही कोण?"

"जनावरांची डॉक्टर. अंबरनाथला दवाखाना आहे."

"अच्छा... म्हणजे पेशंट शोधायला हळदीत फिरता."

"नवरीची मैत्रीण आहे. वडे खायला आले होते. तुमच्यामुळे थंड झाले."

तो हसला. तिला हसायचं नव्हतं, पण पिवळ्या चेहऱ्यात पांढऱ्या दातांच्या दोनच रांगा चमकल्या आणि तिला खाली बघावं लागलं.

सोमवारी तो दवाखान्यात आला. स्कूटरवर पायांपाशी बँजो, कानामागे अजून थोडी हळद. नाव धर्मेश. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये त्याचं शटर बनवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. टेबलापर्यंत येईतो त्याचा फोन दोनदा वाजला. "हां साईं, आता हूँ, आधे घंटे में," असं सिंधी गिऱ्हाइकाला म्हणून त्याने तो खिशात टाकला.

"तुम्हाला खोटं ठरवायला आलोय," तो म्हणाला.

"बसा. बघू या."

ऋताने बँजोला आडवं केलं, त्याच्या मानेखाली हळूच खाजवलं आणि मागचा डावा गुडघा दोन बोटांत धरला. मग अंगठ्याने जरा आत ढकलताच एक छोटीशी टक जाणवली.

"बोट ठेवा इथे... अजून वर. लागलं?"

धर्मेशचं बोट तिच्या बोटाला टेकलं. दोघांनीही ते लगेच काढून घेतलं, आणि मग तपासणीसाठी पुन्हा ठेवलं.

"काहीतरी गोल आहे. शेंगदाण्याएवढं," तो म्हणाला.

"ती गुडघ्याची वाटी. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खाच असते. पाय वाकतो, सरळ होतो, तेव्हा वाटी त्या खाचेतून वर-खाली सरकते. मांडीचे स्नायू वाटीला वरून धरतात आणि खालून एक चिवट पट्टी तिला नडगीला बांधून ठेवते. सगळं एका रेषेत असलं की पाय सरळ होतो. पण अशा लहान कुत्र्यांत कित्येकांची खाच जन्मापासूनच उथळ असते. मग वाटी आतल्या बाजूला निसटते आणि पाय अडकतो."

धर्मेशने मान वर केली.

"मॅडम... शटरच्या दोन्ही बाजूंना खाच असते. आम्ही तिला गाईड म्हणतो. ती घासली की पट्टी बाहेर येते आणि शटर अर्ध्यात अडकतं. मग दुकानदार काय करतो? खालून लाथ घालतो. पट्टी आत बसते, शटर वर जातं."

"आणि प्रत्येक लाथेला?"

"गाईड अजून घासतं." त्याने बँजोकडे पाहिलं. "तो झटका... तो पाय झटकतो ते..."

"वाटी जागेवर बसवायला. तुम्ही ज्यावर टाळ्या वाजवता ते."

धर्मेशने खिशातला फोन वाजू दिला. बराच वेळ तो बँजोचा कान कुरवाळत राहिला.

ऋताचा आवाज मऊ झाला. अजून वाटी आपली आपण परत येतेय, ती म्हणाली. वजन उतरवायचं. सोफ्यावरून उडी नाही, जिने नाहीत, गुळगुळीत लादीवर चटई. आणि नाच अजिबात नाही. वाटी कायमची बाहेर राहायला लागली तर ऑपरेशन करून खाच खोल करावी लागेल.

"आणि चालायला न्यायचं, पण हळू. घाईत चालला की तो पाय उचलून तीन पायांवर पळतो. हळू चालला तर चारही पाय टेकतो, मांडीला बळ येतं."

"हळू चालायचं कसं ते मला येत नाही, मॅडम."

"ते दिसतंय."

म्हणून पहिल्या दिवशी ती शिकवायला गेली. नंतर शिकवायचं काही उरलं नाही, तरी जात राहिली. दवाखाना बंद झाला की शिवमंदिराजवळच्या रस्त्यावर धर्मेश बँजोला घेऊन उभा असे. सुरुवातीला तो चार पावलं पुढे जाई, मग वळून ओशाळं हसे. हळूहळू त्याचं पाऊल तिच्या पावलाबरोबर पडायला लागलं. फोन घरी राहायला लागला.

"बँजोचं वजन उतरलं," एकदा ती म्हणाली.

"माझं पण. कोणी विचारत नाही."

"तुमचा गुडघा दाखवा, बघते."

"गुडघा ठीक आहे. वर, छातीजवळ काहीतरी अडकतंय... तुम्ही उशिरा आलात की."

ऋताने पट्टा स्वतःच्या हातात घेतला आणि बँजोशी फार महत्त्वाचं काही बोलत असल्यासारखी वाकली. कान मात्र लाल झाले होते.

"हा बरा झाला की... फिरणं बंद का?" त्याने विचारलं.

"त्याचं नाही होणार बंद," ती म्हणाली आणि पट्टा धरून पुढे निघाली.

त्याच आठवड्यात तिला कळलं. धर्मेशची बहीण जिज्ञासा लग्नाची पत्रिका द्यायला दवाखान्यात आली आणि सहज म्हणाली, "माझ्या हळदीला बँजो नाचणार ना, डॉक्टर? माईने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय. झगमग कोट पण शिवलाय त्याला."

माई म्हणजे त्यांची आई. धर्मेशने घरात नाच बंद केल्याचं काही सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी ऋता त्याला म्हणाली, "सांगितलं का नाहीत?"

"माईचा जीव आहे त्या नाचात. बाबा गेले त्या वर्षी घरात कोणी हसत नव्हतं. बँजो पहिल्यांदा असा नाचला आणि ती हसली. तिला कसं सांगू, की..." तो थांबला. "एकदाच नाचू दे. शेवटचं."

"ती खाच अजून एकदा घासेल. मग वाटी परत येईलच असं मी सांगू शकत नाही." तिने पट्टा त्याच्या हातात दिला. "नाचवलंत तर मी उपचार करेन, तो माझा पेशंट आहे. पण इथे फिरायला येणार नाही."

ती भरभर निघून गेली. हळू चालायला शिकवणारीच.

हळदीच्या संध्याकाळी जायचं नाही असं ठरवूनही ती गेली. मांडव भरला होता. जिज्ञासा पाटावर हळदीने न्हाली होती. ठेका चढला आणि पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "बँजो! बँजो!"

धर्मेश आला. बँजो त्याच्या कडेवर होता, अंगात कोट नव्हता. ऋता जागच्या जागी थांबली. त्याने ढोलकीवाल्याला हाताने थांबवलं.

"बँजो नाचणार नाही," तो म्हणाला. "तो कधी नाचतच नव्हता. त्याच्या गुडघ्याची वाटी खाचेतून निसटते. पाय अडकतो म्हणून तो लंगडतो, आणि ती परत बसवायला झटका देतो. शटरला लाथ घालतात ना, तसं. मला महिन्यापासून माहीत होतं. माई, तुला सांगायची हिंमत झाली नाही."

माई पुढे आली. काठपदराची हिरवी साडी, हातात हळदीचं ताट.

"म्हंजे... इतकी वर्सं त्याला दुखत व्हता, नि आपुन टाल्या वाजवत व्हतो?"

"कधी कधी दुखत असेल, माई. बरा होतोय तो."

तिने ताट शेजारणीच्या हाती दिलं, खुर्चीवर बसली आणि पदर पसरला. "दे इकडं."

बँजो तिच्या मांडीवर गेला. तिने त्याचा डावा पाय तळहातात घेतला आणि डोळे टिपले. मग नाक ओढून मुलाकडे पाहिलं.

"मंग आता कोन नाचल? पावने काय मलाच नाचवतील?"

"माई, मला नाचता येत नाही."

"म्हाईत हाय. इतकी वर्सं कुत्र्याच्या मागं लपलास. नाच आता."

हशा पिकला. ढोलकी वाजली. धर्मेश खरोखरच वाईट नाचला. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. घाबरून तो घाई करत होता. ऋता गर्दीतून पुढे आली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"हळू," ती म्हणाली. "चारही टेकव."

"मला दोनच आहेत."

"मग दोन टेकव. दोन माझे."

बँजो वाजवणाऱ्याने आपसूक चाल धीमी केली. दोघं नाचली, म्हणजे जवळजवळ चाललीच.

ठेका संपला तेव्हा माईने खुणेने ऋताला जवळ बोलावलं. "हीच का ती डॉक्टरीन, जिला हलद नको व्हती?"

धर्मेश खाली बघायला लागला. माईची बोटं ताटात बुडली आणि हवेत थांबली, विचारत असल्यासारखी. नवरीची हळद लग्नाच्या मुलीला लावली की पुढचं लग्न तिचं, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ऋतालाही.

तिने गाल पुढे केला.

"तुला हळद नको होती ना?" धर्मेश हळूच म्हणाला. पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता.

"हात स्वच्छ ठेवायचे असतात. गालाबद्दल मी काही बोलले नव्हते."

"ऋता... बँजो बरा झाला तरी मला तुझ्याबरोबर चालायचंय. रोज."

"हळू चालशील?"

"शिकवलंस तेवढं हळू."

माईच्या पदरात बँजो झोपला होता. मागचा डावा पाय, सरळ आणि सैल, खुर्चीच्या कडेबाहेर आला होता, आणि त्याच्या पंजालाही कोणीतरी हळद लावली होती.