मंजू फर्शीवर होती

भुतं फक्त रात्री दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. हे भर दुपारी घडलं. डोक्यावर ऊन होतं आणि पाहायला पंधरावीस माणसं होती.

रवी माझा सख्खा मावसभाऊ. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आग विझवायच्या गाडीवर काम करतो. थापा मारायचा त्याचा स्वभाव नाही. तिरसट इतका, की लग्नाच्या पंगतीतूनही भांडून उठेल. त्याने हे मला एकदाच सांगितलं, तेही दातओठ खात. पुन्हा विचारलं तर अंगावर येतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरला होता, दिवाळी तोंडावर होती आणि ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं. वारासिवनीच्या रस्त्यावर भोजराज शेठचं फटाक्यांचं गोदाम होतं. थोडं पुढे त्याचीच राईस मिल.

गोदामाला आग लागली. रवीची गाडी पोचली तेव्हा आत फटाके फुटायला लागले होते.

फटाक्यांच्या आगीत पहिला प्रश्न एकच असतो. आत कोणी आहे का? कोणी असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर जवळ जायचं नाही. लोकांना पांगवायचं, लांबून पाणी मारायचं. बारूद कोणाची ओळख ठेवत नाही, आणि मालासाठी माणूस मारायचा नसतो.

रवीने गाडीतून उतरता उतरताच विचारलं, "शेठ, आत कोणी हाय काय?"

"कोणी नाही रे बाबा. नुसता माल हाय."

शेठची पापणीसुद्धा लवली नाही.

"सब पीछे हटो!" गाडीवरचे साहेब ओरडले. शेठच्या शब्दावर ते बरोबरच होतं. सगळे मागे हटले आणि पाणी सुरू झालं.

आणि तेवढ्यात...

ठक... ठक... ठक...

गोदामाचं मागचं बंद शटर आतून वाजत होतं.

"साहेब, आत कोणीतरी हाय!"

"पटाखे फूट रहे हैं, रवी. पीछे आ."

फटाके असे वाजत नाहीत. हा आवाज मधेच थांबत होता. दम घेऊन पुन्हा वाजत होता.

रवी धावला. त्याच्यासोबतच्या सुखरामने त्याला कमरेला धरून मागे ओढलं, आणि त्याच क्षणी गोदामाचा मागचा भाग छपरासकट उडाला.

त्यानंतर शटर वाजलं नाही.

राख धड निवलीही नव्हती, तेव्हाच शेठचा जेसीबी आला. मागचा सगळा मलबा ट्रॉलीत भरून एका खड्ड्यात ढकलून बुजवला गेला. कागदावर लिहिलं गेलं, जीवितहानी नाही.

तुळसाबाई मात्र ठाण्याच्या दाराशी बसून होती. तिची मुलगी मंजू शेठच्या मिलमध्ये कामाला. मिलला काम नसलं की शेठ तिला गोदामात फटाक्यांचे डबे भरायला पाठवायचा.

"माही पोरगी सकाळी गोदामात गेलती साहेब. घरी नाही आली."

शेठ म्हणाला, "त्या दिवशी ती आलीच नाही. कोणासंग पळून गेली असंल. आजकालच्या पोरी, साहेब..."

ठाण्यात कोणीतरी हसलं. रवी तिथेच उभा होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शटर वाजलं होतं, याला पुरावा काय? सुखराम म्हणे, मले तर काही ऐकू नाही आलं.

मग आली ती दुपार.

रवीची मोठी बहीण अनुसया शेठच्याच मिलमध्ये काम करायची. तिला घरी न्यायला रवी मोटारसायकलवर गेला होता. मिलच्या मागे धान वाळवायची सिमेंटची मोठी फर्शी आहे. धान पसरायचं, आणि बायांनी अनवाणी पाय ओढत त्यातून फिरायचं. पायाने धान वरखाली होतं आणि सगळीकडून वाळतं. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं.

नवं धान अजून आलं नव्हतं. त्या दिवशी फर्शीवर धान नव्हतंच.

फटाके होते.

गोदामाच्या पुढच्या भागातला माल जळला नव्हता, नुसता भिजला होता. शेठने तो उचलून आणला होता. सुतळी बॉम्ब, अनार, लडी, फुटक्या डब्यांतून सांडलेली करडी भुकटी... सगळं उन्हात पसरलं होतं. आणि बाया त्यातून पाय ओढत फिरत होत्या.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात म्हणतात. रवीने ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

"अक्का! बाहेर ये! सगळ्या बाहेर या!"

अनुसया लांबूनच ओरडली, "काहून बोंबलून राह्यला?"

"अवं, ते बारूद हाय! भिजलेली बारूद आतून तापते. पायाची घसट लागली तरी भडकंल!"

सावलीत बसलेल्या मिलच्या मुनिमाने पान थुंकलं. "पानी में भीगा माल है भैया. सूख रहा है. तेरे बाप का क्या जाता है?"

"जो बाहर जाएगी, उसकी आज की मजदूरी गई," तो बायांकडे बघून म्हणाला. बाया जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी तरी काय करावं? चूल काय रवीच्या ओरडण्याने पेटणार होती?

रवी तसाच फर्शीवर चढला. बहिणीचा हात धरून ओढू लागला. ती हात सोडवून घेत हळूच म्हणाली, "तू म्हणतं ते खरं वाटते रे. फर्शीपरीस माल जास्त गरम लागून राह्यला."

रवीने चहूकडे पाहिलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं... फर्शीवर एकही कबूतर नव्हतं. मिलच्या फर्शीवर कबूतर नाही असं कधी होत नाही. दाणा असो नसो, ती असतातच. त्या दिवशी छपरावरसुद्धा नव्हती.

आणि फर्शीच्या पार टोकाला एक बाई एकटीच फिरत होती.

पदर डोक्यावरून खाली ओढलेला. मान खाली. पाय ओढत, सावकाश...

तिच्या मागे फर्शीवर पावलं उमटत होती. ओली पावलं. त्या तापल्या सिमेंटवर थेंब पडला तर क्षणात सुकावा. पण ती पावलं सुकत नव्हती.

"अक्का... ते कोण हाय?"

"मंजू व्हय ना. सकाळपासून आली हाय. काही विचारलं तर बोलत नाही. तुळसाकाकीले निरोप धाडला म्या, पोरगी आली म्हणून."

रवीने बहिणीचा हात पुन्हा घट्ट धरला.

त्या बाईने मान वर केली नाही. नुसती वळली, आणि बायांच्या दिशेने चालू लागली.

ठक...

आवाज कुठून आला कोणालाच कळलं नाही. फर्शीवर शटर नव्हतं. पत्रा नव्हता.

ठक... ठक...

बाया थबकल्या. ती जवळ येत होती. पदरातून पाणी गळत होतं, काळं पाणी. एका बाईने वाकून तिच्या पदराखाली पाहिलं आणि जी किंचाळली...

मग कोणी मजुरी पाहिली नाही. सगळ्या पळाल्या. अनुसयाच रवीला ओढत पळाली. मुनीम तर सगळ्यांच्या पुढे. भिंतीच्या पलीकडे जाऊन पडतात न पडतात, तोच मागे पांढरा उजेड झाला. कान बंद झाले. मिलच्या खिडकीला एक काच उरली नाही.

एकीलाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

रवीने धुरात पाहिलं. फर्शीला मधोमध खड्डा पडला होता. तिथे कोणी नव्हतं. चिंधीही नव्हती.

इथपर्यंत ऐकून लोक मला म्हणतात, चांगलं भूत होतं की हो, जीव वाचवला. अशा वेळी मला त्यांचा राग येतो. कारण पुढचं त्यांना माहीत नसतं.

पोलीस आले. बाया अजून थरथरत होत्या. ठाणेदार साहेबांनी विचारलं, फर्शीवर कोण कोण होतं? बायांनी खरं ते सांगितलं. आम्ही होतो, आणि मंजू होती.

भोजराज शेठ तिथेच उभा होता. आधी त्याचा चेहरा पडला. मग हळूहळू खुलला.

"लिहा साहेब, लिहा! गोदामात जळून मेली म्हणून माझ्या नावानं बोंबलत होते ना? आज ती कामावर होती. इतक्या बायांनी पाहिली. आता घाबरून पळाली असंल कुठंतरी."

रवी म्हणाला, तेव्हा त्याने शेठचा गळाच धरला असता. मंजू आली, तिने एवढ्या जणींना वाचवलं, आणि तिच्या त्या येण्यावरच हा माणूस सुटणार होता. ती दिसली म्हणजे ती जिवंत. ती जिवंत म्हणजे गोदामात कोणी नव्हतं. मग मलब्याचा तो खड्डा उकरायचं कारणच उरत नाही.

कोणत्या ठाण्यात लिहून घेतात की बाई दिसली, पण ती मेलेली होती?

त्या रात्री अनुसयाने सगळ्या बायांना घरी बोलावलं. फार बोलणं झालंच नाही. सकाळी सगळ्या मिळून ठाण्यात गेल्या आणि बयान बदललं. धक्क्यानं काहीबाही बोललो साहेब. मंजू नव्हती.

साहेब खेकसले, "कल थी, आज नहीं है? मजाक है क्या?"

मग रवी पुढे झाला. "मी पन होतो साहेब. फर्शीवर मंजू नव्हती. मंजू गोदामात होती. खड्डा खोदा."

जिने त्याच्या बहिणीचा जीव वाचवला, ती तिथे नव्हतीच, असं त्याला आपल्या तोंडाने सांगावं लागलं. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की ते कागदातून आरपार गेलं.

खड्डा अजून खोदलेला नाही. अर्ज फिरतो आहे. शेठ मोकळा आहे आणि मिलच्या खिडक्यांना नव्या काचा लागल्या आहेत. ते पाहिलं की रवी रस्त्यातच शिव्या देतो. लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला.

बयान बदललं त्याच संध्याकाळी तुळसाबाई त्याच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच बसली.

"ठान्यात तू सांगतलं ते ठीक केलं, बापू. आता मले खरं सांग. दिसली होती काय?"

रवी तिच्यासमोर उंबऱ्यावर बसला.

"हौ, काकी."

"पाय भाजले होते काय रे तिचे? फर्शी तपते."

"नाही काकी. ओले होते. पानी गळत होतं अंगातून."

तुळसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही.

"म्हंजे तुमचं पानी आतपर्यंत पोचलं तवा," ती म्हणाली, "माही पोरगी जिती होती."

ती उठली आणि अंधार पडायच्या आत घरी गेली.