सकाळी सहाची खरखर

खर्रर्रर्र.

एक हंडा. तळाला दोन बोटं पाणी.

सूचना : काही रहिवासी नळाला मोटर लावून पाणी खेचतात, असे आढळले आहे. पकडल्यास कडक कारवाई होईल. – सेक्रेटरी.

व्हिएन्ना, व्हँकुव्हर, वेलिंग्टन.

गणपतीचा मोठा ढोल, एका बाजूचं कातडं फाटलेलं.

गुरुवार, सहा वाजून वीस मिनिटं.

"परत तीच! परत तीच खरखर!"

हे शेवटचं उन्नती ओरडली आणि तिने रेडिओ ओट्यावर आपटला. म्हणजे आपटणारच होती. आईने वरच्या वर झेलला.

"अगं, परत करायचाय ना दुकानात? फुटला तर कोण घेईल?"

हा दुसरा रेडिओ. पहिला मागच्या आठवड्यात शनिवारी आणला, रविवारी परत केला. मे महिन्याची सुट्टी, बाहेर बोळिंज गावभर आंबे आणि क्रिकेट, आणि उन्नती आठ दिवस स्वयंपाकघरात रेडिओचं बटण फिरवत बसली होती! कारणही तसंच होतं. येत्या गुरुवारी सकाळी सहा वीसला आकाशवाणीवर तिच्या आईचं, वसुंधराचं, गाणं लागणार होतं. राजोडीला तिच्या माहेरी हळदीला बायका म्हणतात, ते गाणं. एकदाच लागणार. नंतर विचारायला गेलात तर पुन्हा कोण लावणार?

"मावशी, तू दुसऱ्याकडे जाऊन ऐक ना," विघ्नेश म्हणाला. हा उन्नतीचा मावसभाऊ, सुट्टीला पुण्याहून आलेला. वय अकरा, सल्ले पंचावन्न वर्षांच्या माणसाचे.

"आणि पाणी कोण भरेल? तू?"

तीच तर पंचाईत होती. नळाला पाणी यायचं सकाळी सहा ते पावणेसात. दुसऱ्या मजल्यावर ते करंगळीएवढं यायचं. आई नळाखालून हलली तर घर दिवसभर कोरडं. म्हणून रेडिओ हवा तो स्वयंपाकघरातच, आणि स्वस्तातला.

"दुपारी कसा वाजतो हा?" आईने विचारलं.

"मस्त! संध्याकाळीही मस्त! फक्त सकाळी सहाला याला काय होतं कोण जाणे!"

"झोपेतून उठल्यावर माझाही आवाज असाच येतो," विघ्नेश म्हणाला.

त्यावर कोणी हसलं नाही.

*

विघ्नेशने वहीत लिहिलेला तक्ता. त्याला सगळं लिहायची सवय होती.

रेडिओ पहिला : स्टेशनबाहेरून. लाल. खरखर.
रेडिओ दुसरा : मोठ्या दुकानातून. काळा. जास्त मोठी खरखर.
रेडिओ तिसरा : इंटरनेटवाला!!! खरखर शून्य!!!

तिसऱ्याची माहिती ॲन्सेल्मने आणली. ॲन्सेल्म उन्नतीच्याच वर्गातला. त्याच्या आजोबांचं, फ्रेडरिक अंकलचं, वसई गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान. त्यांच्या मुलाने आखातातून एक इंटरनेट रेडिओ पाठवला होता. सोमवारी तिघं बसने तिकडे पोचले.

"हा बघ!" ॲन्सेल्मने बटण दाबलं. "अख्खं जग!"

इवल्याशा पडद्यावर नावं सरकू लागली. व्हिएन्ना. व्हँकुव्हर. वेलिंग्टन. आवाज असा स्वच्छ, की वाजवणारा माणूस शेजारी बसलाय!

"सांगितलं होतं ना!" विघ्नेश नाचायलाच लागला. "हा घ्या! हाच घ्या!"

"आणि आपलं मुंबई?" उन्नतीने विचारलं.

बटण फिरलं. पुन्हा फिरलं. शंभर नावं गेली, दोनशे गेली. सकाळी सहा वीसला हळदीचं गाणं लावणारं केंद्र त्यात नव्हतंच!

"त्याला घरात इंटरनेट पन लागतो, पोरी," फ्रेडरिक अंकल चष्मा पुसत म्हणाले. "दर महिन्याला बिल. आनि हा फुकट दिला तरी तुज्या आईला व्हिएन्नाच ऐकावं लागंल."

उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. "मग काय करायचं? गुरुवार तीन दिवसांवर आलाय! जो आणावा तो बिघडतो!"

"दोन दुकानांतले दोन रेडिओ तुमच्याच घरात, एकाच टायमाला बिघडतात?" अंकलनी भुवया उंचावल्या. "मंग रेडिओ नाय बिघडला. घर बिघडलंय."

"म्हणजे?"

"कुटंतरी ठिनगी उडते. वायर सैल असली, मोटर खराब असली, की रेडिओ असाच रडतो. रेडिओ बदलू नका. ठिनगी शोदा!"

त्यांनी ॲन्सेल्मच्या हातात एक खिशात मावणारा ट्रान्झिस्टर दिला. "खरखर वाडत जाईल तिकडं जायचं. ठिनगी सापडली तर हात नाय लावायचा. समजलं?"

*

मंगळवार. सकाळी सहा. जिन्यात तीन डोकी, एक ट्रान्झिस्टर. ॲन्सेल्म त्याच्या वाडीतून सायकल दामटत आला होता.

दुसरा मजला : खर्र.

पहिला मजला : खर्रर्र!

तळमजला : खर्रर्रर्रर्रर्र!!

आणि त्याहून मोठ्याने आरती. सेक्रेटरी परेशकाका रोज सहाला टेपरेकॉर्डरवर आरत्या लावायचे. तळमजल्यावर त्यांचं घर, घराला लागून सोसायटीचं कुलूपबंद ऑफिस. किल्ली त्यांच्याकडेच.

"काय रे टोळभैरवांनो, सकाळी सकाळी?" परेशकाका दारात आले.

"रेडिओ लागत नाही, काका," उन्नती म्हणाली.

"या बिल्डिंगीत सकाळचा रेडिओ लागतच नाही! माझाही नाही लागत. म्हणून तर मी कॅसेट लावतो. जा, दूध प्या!"

दार बंद झालं.

"यांचाही लागत नाही," उन्नती हळूच म्हणाली. "म्हणजे ठिणगी यांच्या अगदी जवळ आहे, आणि यांना ते माहीतच नाही!"

ॲन्सेल्म ट्रान्झिस्टर घेऊन ऑफिसच्या दारापाशी गेला. रेडिओने किंचाळीच फोडली! विघ्नेश त्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने झरोक्यातून आत डोकावलं.

"काय दिसतंय?"

"खुर्च्या. मखर. गणपतीचा ढोल."

"अजून?"

"ढोलाच्या फाटक्या बाजूने दोन पाइप बाहेर आलेत. एक भिंतीत, एक काकांच्या घरात. आणि... अरे! ढोलात मोटर आहे! वायर उघडी! निळी ठिणगी! खाली सगळं ओलं!"

"उतर!" उन्नती जवळजवळ ओरडलीच. "आधी खाली उतर!"

म्हणजे मोटर पकडण्याची सूचना लिहिणाऱ्यानेच मोटर लावली होती! आणि तिची घरघर ऐकू येऊ नये म्हणून आरत्या!

पुढचा भाग सोपा वाटतो ना? मोठ्यांना सांगायचं, मोठे पकडणार, संपलं. पण तसं झालं नाही.

"परेश?" चेअरमन सदानंदकाका वर्तमानपत्रामागून म्हणाले. "रोज आरती लावणारा माणूस चोरी करेल? उन्नती, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"काका, पण नुसतं येऊन बघा तरी!"

"मोठ्यांवर आळ घेऊ नये."

बाबांनी ऐकून घेतलं, पण त्यांची सकाळची पाळी. ते साडेपाचलाच घर सोडत. "रविवारी बघू," ते म्हणाले.

रविवारी! गाणं गुरुवारी, आणि बघणार रविवारी!

उन्नती जिन्याच्या पायरीवर बसली. विघ्नेशने वही उघडली आणि काहीच न लिहिता मिटली.

"कोणी आपलं ऐकतच नाही," ती म्हणाली.

"मग त्यांना रेडिओ ऐकू दे," ॲन्सेल्म म्हणाला.

उन्नतीने मान वर केली. "पुन्हा बोल!"

*

बुधवारी सोसायटीच्या फळ्यावर मोटरच्या सूचनेशेजारी खडूने लिहिलेलं :

उद्या सकाळी ६.२० वाजता सौ. वसुंधरा यांचे आकाशवाणीवर गायन. सर्वांनी जिन्यापाशी जमून ऐकावे. अध्यक्ष : श्री. परेश, सेक्रेटरी.

"अध्यक्ष? मी?" परेशकाकांनी शर्टाची कॉलर नीट केली. "बरं. पण सांगतो, रेडिओ काही लागायचा नाही."

"प्रयत्न करू ना, काका!" उन्नतीने इतक्या गोड आवाजात सांगितलं, की विघ्नेशला ठसका लागला.

*

गुरुवार. सहा पंधरा. बायका आपापल्या नळाशी. खाली आजोबालोक, पोरं, लुंगीतले काका. अध्यक्षांना खुर्ची. त्यांच्या घरात आरती चालू. वर स्वयंपाकघरात फ्रेडरिक अंकलनी दुरुस्त करून तीनशेला दिलेला जुना रेडिओ, आणि त्याच्यासमोर हंड्यावर हात ठेवून उभी आई.

सहा वीस.

खर्रर्रर्रर्र!

"बघा!" परेशकाका म्हणाले. "सांगितलं नव्हतं?"

निवेदिकेचं एक अक्षर कळलं नाही. गाणं सुरू झालंय एवढंच कळलं. आत्ता, या क्षणी, रेडिओवर आई गातेय आणि कोणालाच ऐकू येत नाहीये! आईलाही नाही!

"इकडे जरा बरा लागेल," ॲन्सेल्म मोठ्याने म्हणाला आणि ट्रान्झिस्टर घेऊन ऑफिसकडे चालू लागला. खरखर वाढली. तो डावीकडे वळला, कमी झाली. दाराकडे वळला, किंचाळली! सगळ्यांच्या माना त्याच्यामागे फिरल्या.

"काका, दोन मिनिटं कॅसेट बंद करते हं!" उन्नती परेशकाकांच्या उघड्या दारातून आत घुसली आणि तिने बटण दाबलं.

आरती थांबली. आणि बंद दारामागून आवाज आला. घूंऽऽऽऽ.



"परेश," सदानंदकाका सावकाश म्हणाले, "किल्ली."

"अहो, ते... ढोल... म्हणजे उंदीर असतील..."

"किल्ली!"

परेशकाकांनी ती खिशातून काढली. अखेर दार उघडलं. ओल्या फरशीवर उभं राहू नका, असं उन्नती ओरडली, तेव्हा सदानंदकाकांनी बाहेरूनच दाराजवळचा विजेचा खटका खाली ओढला.

खरखर कापल्यासारखी थांबली.

आणि जिन्यात, स्वच्छ, आईचा आवाज! पहिलं कडवं गेलं होतं. दुसऱ्याची सुरुवात.

त्याच क्षणी वरच्या सगळ्या मजल्यांवर एकच आरडाओरडा झाला. "अगं बाई! पाणी! केवढं पाणी!"

उन्नती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावली. स्वयंपाकघरात नळ मोठ्या धारेने कोसळत होता. वर्षभरात असा कोसळला नव्हता. हंड्याचा नुसता धडधडाट. त्यात गाणं बुडत होतं.

आईने हात पुढे केला आणि नळ बंद केला.

मग ती ओट्याला टेकून तिसरं कडवं ऐकू लागली.

*

"मुलांनो, चूक माझीच," सदानंदकाका संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तेव्हा मी उठायलाही तयार नव्हतो. शाबास! ती उघडी वायर कोणाच्या तरी जिवावर बेतली असती."

मोटर निघाली. परेशकाकांची सेक्रेटरीपदाची खुर्चीही गेली. फ्रेडरिक अंकलनी ट्रान्झिस्टर परत घेतलाच नाही. "ठेव तुज्याकडं. कामाचा मानूस हायेस!" असं ते ॲन्सेल्मला म्हणाले आणि दोन दिवस गिऱ्हाइकांना हीच गोष्ट सांगत बसले.

"पण पहिलं कडवं गेलंच ना," उन्नती पुटपुटली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

आईने पोळी लाटता लाटता ते घरभर ऐकू जाईल असं म्हणून दाखवलं.

जानेवारीत आकाशवाणीच्या स्वरचाचणीला जाताना आईने घरी सांगितलं होतं, की ती दातांच्या डॉक्टरकडे चालली आहे; निवड झाली नाही तर कोणाला कळायला नको, म्हणून.