गोळ्या घेऊन गेलेला चोर

"डॉक्टर, इंजेक्शन आणू नका. कुत्राच नाहीये घरात!"

काकूंचा फोन आला तेव्हा डॉक्टर बॅग भरून निघालीच होती. इतकी वर्षं जनावरांवर इलाज करूनही या एका कामाची तिला सवय झाली नव्हती. काकूंच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मांडीचं हाड कॅन्सरनं पोखरलं होतं. आज त्याला कायमचं झोपवायचं ठरलं होतं. सकाळच्या गोळीचा असर दुपारी उतरणार आणि तो असेल तिथं तडफडणार, म्हणून ती धावतच पोचली.

अंगणात रिकामं अंथरूण होतं. पट्टा खिळ्याला तसाच, फाटकाला कडी.

"भुंकला का?"

"अजिबात नाही. मी आंघोळीला होते, तरी ऐकू आलं असतं."

"आणखी काय गेलंय?"

"त्याच्या दुखण्याच्या गोळ्या." काकूंनी आवाज खाली आणला. "यांचंच काम! बारा वर्षं त्या मुक्या जिवाच्या नावानं खडे फोडतायत. नेऊन टाकलं असेल कुठंतरी."

काका व्हरांड्यात पेपर वाचत होते. घरामागचा आपला सुतारकामाचा कारखाना त्यांनी आज बंद ठेवला होता.

"काका, कुत्रा दिसला?"

"मी कशाला बघतोय त्याच्याकडे? ब्याद टळली."

"कुणीतरी उचलून नेलाय. त्याला चालवत नाही."

"उचलला तर कण्हतो तो," काका फाडकन बोलले. "पोटाखालून टॉवेल धरला की चालतो हळूहळू."

आणि त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. डॉक्टरनं हात पुढे केला.

"कारखान्याची किल्ली द्या, काका."

काकांनीच कुलूप काढलं. आत लाकडाच्या भुशावर त्यांचा स्वेटर पसरला होता. त्यावर कुत्रा पडून होता, शेजारी गोळ्यांचं पाकीट. काकांना बघून त्यानं शेपूट हलवायचा प्रयत्न केला.

काकू दारातच थिजल्या. "डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं?"

"दुखरा म्हातारा कुत्रा चोराला कशाला हवा? आणि टाकून देणारा माणूस गोळ्या नेत नाही. ज्याला दुखणं बघवत नाही, तो नेतो. परक्याला हा भुंकला असता. राहिला टॉवेल. तो कसा धरायचा, हे मी दवाखान्यात फक्त तुम्हाला दाखवलं होतं. काका रुसून बाहेर गाडीत बसले होते, असं आपल्याला वाटलं. ते काचेतून बघत होते."

"अहो, मला तरी सांगायचं!"

"कुठल्या तोंडानं? सगळ्यांदेखत हाडहूड केलं त्याला." काकांचा आवाज फाटला. "दुपारी तू झोपलीस की यायचा माझ्याकडे. बसायचो आम्ही दोघं... डॉक्टर, उद्या करा ना. फक्त उद्या."

कुत्र्याला धाप लागली होती. मांडी थरथरत होती.

"गोळी उतरलीय, काका. तुमच्यासाठी तो उद्यापर्यंतही सोसेल. पण त्याला सोसायला लावू नका."

काका भुशात मांडी घालून बसले आणि त्याचं डोकं अलगद मांडीवर घेतलं.

"इथंच करा. बाहेर अंगणात नको."

काकू त्यांच्या शेजारी टेकल्या. डॉक्टरनं शीर शोधली. तिचेही डोळे भरले होते, पण तिनं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं तिनं कानातून स्टेथोस्कोप काढला आणि मान हलवली.

काका त्याच्या मानेखाली खाजवतच राहिले. काकूंनी त्यांना थांबवलं नाही.