माळावरचा ठिपका

थापाड्या म्हणून माझा लौकिक आहे, तेव्हा हे कुणाला पटवायच्या भानगडीत मी पडत नाही. चष्म्याच्या फ्रेमा दुकानांना पुरवणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं एकच काम केलं: संगणकावरच्या नकाशात सहा विक्रेत्यांचे भाग पाडायचे. प्रत्येकाला दुकानं सारखी, प्रवासाचे तास सारखे. भाग जमला की हिरवा, हलका पडला की लाल. सलग दोनदा लाल झालेला भाग शेजारच्याला जोडायचा आणि विक्रेत्याला घरी पाठवायचं, हा साहेबांचा नियम.

माझा भाचा एकदा लाल झाला होता. धाकट्या बहिणीचा एकुलता एक, मीच कंपनीत चिकटवलेला. दुसऱ्यांदा होणार हे दिसलं तेव्हा मी हमरस्त्यापलीकडच्या उघड्या माळावर एक खोटं दुकान ठेवून दिलं. नाव, चष्माघर. भाग हिरवागार झाला.

सोमवारी भाच्याच्या फोनवरून नोंद आली: चष्माघर, भेट वीस मिनिटं.

मला हसू आलं. न झालेल्या भेटी सगळेच ठोकून देतात. हा तर मामाच्याही वरताण. जेवणाच्या सुट्टीत छेडलं, तर म्हणाला, दुकानदार भला माणूस आहे, बारा फ्रेमा ठेवून घेतल्या. मी गोदामात विचारलं. बारा फ्रेमा खरंच गेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात भेट एक तासाची झाली. मग तीन. मग रोज. भाच्याचं जेवण कमी झालं, बोलणंही. बहीण म्हणाली, दादा, ह्याला कामाचा ताण दे जरा कमी.

गुरुवारी सकाळी अकराला मी स्वतः माळावर गेलो. वाळकं गवत, दगड, वारा. झाडसुद्धा नाही. फोनमधल्या नकाशावर भाच्याचा ठिपका बरोबर माझ्या ठिपक्यावर चढून बसला होता. मी त्याला फोन लावला.

तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, उन्हात काय उभा राहिलायस? काचेतून दिसतोयस. आत ये की."

मी पळालो. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी.

कचेरीत येऊन चष्माघराचा ठिपका पुसायला घेतला. पडद्यावर प्रश्न उमटला, जो अकरा वर्षांत मी कधी पाहिला नव्हता: आत माणूस आहे. तरी काढायचं?

बोट उचललं. दुपारभर भाच्याच्या ठिपक्यावर नजर ठेवून बसलो. सहाला तो हलला, हमरस्त्याला लागला, घरी पोचला. बहिणीला फोन केला. आलाय, हातपाय धुतोय, म्हणाली.

मग पुसलं. ह्या वेळी काही विचारलं नाही.

सकाळी नकाशा उघडला. भाच्याचा भाग लाल व्हायला हवा होता.

हिरवाच होता.

मी एकेक दुकान मोजत गेलो. एक जास्त भरलं. चष्माघर. पत्ता बहिणीच्या घराचा. भेट चालू, चौदा तास.

फोन तिनेच उचलला. आवाज प्रसन्न होता.

"बरं झालं केलास," ती म्हणाली. "तुझा चष्मा तयार आहे म्हणतायत. दादा, माप कधी देऊन गेलास?"