पहिला भाग नको

जुने भाग बघायचे तर कुठून सुरुवात करावी, यावर नाशिकरोडला ज्याचं त्याचं मत होतं. 'नौका सप्तर्षी' ही मालिका बारा-तेरा वर्षं दर रविवारी सकाळी टीव्हीवर चालली. ती बंद झाल्यावर, सिंहस्थाच्या वर्षी, म्हणजे २००३ साली, तिच्या सीड्या निघाल्या आणि जेल रोडवरच्या सुनीलच्या दुकानात भिंतभर लागल्या. सुनील आमचा केबलवालाही होता. तो म्हणायचा, पहिली दोन वर्षं सोडून द्या ताई, पुठ्ठ्याची यानं आणि उदबत्तीचा धूर, मधले घ्या. मी जिथे कामाला आहे त्या सरकारी छापखान्याच्या, म्हणजे प्रेसच्या, कँटीनमध्ये सांगायचे, परग्रहावर दुष्काळ पडतो ते भाग घ्या, बाकी सगळं भरताड. शनिवारी एक सीडी न्यायची, सोमवारी परत. ती कुठली न्यायची यावरून मी आणि वेदिका त्या भिंतीसमोर उभ्या राहून भांडायचो.

वेदिका माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. तिला यानाशी, परग्रहाशी काही देणंघेणं नव्हतं. ज्यात बाप दिसतो ते भाग तिला हवे होते.

तिचा बाप, म्हणजे माझा नवरा ललित, १९९५ साली प्रेसची पक्की नोकरी सोडून त्या मालिकेत काम करायला मुंबईला गेला. काम कसलं, कपाळ माझं. डोक्यावर चंदेरी टोप घालून कॅप्टनच्या मागे उभं राहायचं, बस. तोंडसुद्धा दिसायचं नाही. पहिल्या वर्षी दिवाळीला आला, मग नुसती पत्रं, मग तीही बंद. आज तो कुठे आहे, आहे का, मला माहीत नाही आणि विचारत फिरायला मला वेळ नाही.

पण जाण्याआधीची सहा वर्षं तो चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन अडतं. हौशी नाटकं करायचा, घरी आला की लेकीला खांद्यावरून खाली उतरवायचा नाही. एकच किडा होता डोक्यात. १९८९ साली मालिका सुरू झाली तेव्हा त्याला तिथून बोलावणं आलं होतं, आणि त्याच आठवड्यात आमचं लग्न होतं. तो लग्नाला उभा राहिला आणि पुढे आयुष्यभर मला ऐकवत राहिला. भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच. "तेव्हा गेलो असतो ना सरिता, तर आज कॅप्टन मी असतो." मी म्हणायची, जा की मग, कोणी धरलंय. शेवटी गेलाच. माझ्याजवळ त्याची राहिली ती ही सहा वर्षं, आणि त्यातून आलेली वेदिका.

मी प्रेसमध्ये टपाल तिकिटांचे ताव तपासते. गठ्ठ्यातल्या एखाद्या तावावर एका तिकिटाचा दात तुटका असला तरी नजर तिथे अडखळते. माहेरचे म्हणतात, सरिताच्या डोळ्यांना खोड लागली आहे. तर टोपातला ललित ओळखणं मला जड नव्हतं. डावा खांदा उतरता, सगळं वजन एका पायावर. आम्ही आणलेली पहिली सीडी १९९६ची होती. तो शेवटच्या रांगेत, यानाच्या दाराजवळ उभा होता. मी काचेवर बोट ठेवलं आणि वेदिका टीव्हीला नाक लावून बसली. मला मात्र संताप आला. एवढ्यासाठी आम्हाला सोडलं या माणसाने.

पुढच्या शनिवारी तिने स्वतःच सीडी उचलली. १९९४चा भाग, गणपतीतला. अगं, तेव्हा बाबा गेलेच नव्हते, असं मी तिला सांगितलं. तिने तरीही लावली.

तो तिथे होता. शेवटच्या नाही, दुसऱ्या रांगेत. उतरता खांदा, वजन एका पायावर.

मी म्हटलं, तसा उभा राहणारा दुसरा कोणी असेल. त्या गणपतीत बाबा इथेच होते, आरतीच्या वेळी तू त्यांच्या खांद्यावर बसली होतीस, फोटो आहे. वेदिका माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, नाही गं आई, मी स्टुलावर उभी होते.

मी अल्बम काढला. फोटोत तीच आरास, तोच लाल पडदा, वेदिकाच्या हातात तेच टाळ. ती स्टुलावर उभी होती. खाली माणूस नव्हता. मी फोटो खिडकीशी नेला, तिरका धरला, कडा बघितल्या. कुठे खाडाखोड नाही, जोड नाही. प्रेसमध्ये माझ्यासमोर आला असता तर मी तो पास केला असता.

मी घाबरट बाई नाही. वय झालं, आठवणीत गोंधळ होतो, असं मनाला समजावलं. आणि मग जे कोणीही शहाण्या माणसाने केलं असतं ते केलं. असा महिना शोधला की ज्यात ललित मुंबईत असणं शक्यच नव्हतं. १९९२च्या फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली होती. महिनाभर पलंगावर. आमच्या शेजारच्या रंगूमावशींनी रोज त्याला पेज करून आणली, उसाचा रस आणला. त्या महिन्यातला भाग मी निवडला, वेदिका शाळेत असताना लावला, आणि एकटी समोर बसले.

तो पहिल्या रांगेत होता. त्याला एक वाक्यही होतं. टोपातून घुमून आलेला आवाज त्याचाच होता, दर वाक्याच्या शेवटी जरासा चढणारा. तब्येत ठणठणीत दिसत होती.

मी तशीच उठून रंगूमावशींच्या दारात गेले. त्या गवार मोडत होत्या. मी विचारलं, ललितच्या काविळीत तुम्ही पेज कशात आणायचात, आठवतंय का. त्यांनी गवार बाजूला ठेवली.

"सरिता, कुणाची कावीळ? त्या साली तू एवढीशी पोर घेऊन एकटीच राहायला आलीस की इथे."

त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल काळजी होती. मला तीच सहन झाली नाही. घरी येऊन मी मोरीत तोंड धुतलं, आणि तिथेच बसून रडले.

मग सगळं सरळ दिसायला लागलं. जितका जुना भाग लावावा तितका तो पुढे येत होता, आणि तेवढाच आमच्या घरातून मागे जात होता. त्याला हवं होतं ते मिळत होतं. एकदा सोडून गेला ते पुरलं नाही, आता तो मुळापासून निघून चालला होता. आणि पहिला भाग १९८९चा होता, लग्नाच्या आठवड्यातला. त्यात तो असेल तर लग्नात नसेल. मग वेदिका कुठून येणार?

मी सीड्या बंद केल्या. वेदिकाने आकांत केला. तीन दिवस धड जेवली नाही. शेवटी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "जुन्या भागांत ते पुढे येतात आई. पहिल्यात तोंड दिसेल. मला त्यांचं तोंड आठवत नाही. तुला ते नकोच आहेत, म्हणून तू लावत नाहीस."

"नकोच आहेत," मी म्हटलं. "मला तू हवी आहेस."

तिला ते कळलं नाही. कसं कळणार? तिने दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी सुनीलकडे जाऊन पहिल्या भागाची सीडी मागून घेतली. ही मी ठेवून घेते, हवी तर विकत घेते, पण दुसऱ्या कोणाला हा भाग द्यायचा नाही, असं त्याला बजावलं. तो हसला. असं काय आहे ताई त्यात, म्हणाला. तिथेच माझं चुकलं. सुनीलसारख्या माणसाला एखादी गोष्ट दाखवू नको म्हणणं म्हणजे ती बघायलाच लावणं. त्याने मुंबईहून दुसरी सीडी मागवली, बघितली, आणि रविवारी सकाळी केबलच्या पडद्याखाली पट्टी फिरायला लागली. लोकाग्रहास्तव, आज दहा वाजता, 'नौका सप्तर्षी'चा पहिला भाग.

पट्टी दिसली तेव्हा दहाला थोडाच वेळ होता. मी टीव्हीमागची केबलची वायर उपटली. खिडक्या लावल्या. वेदिकाला आतल्या खोलीत नेऊन कॉटवर माझ्याशेजारी बसवलं आणि तिचा हात धरला. आपण बघितलं नाही तर काही होणार नाही, अशी माझी समजूत होती. ती रुसलेलीच होती, पण हात सोडवला नाही. हाताला शाईचे डाग होते.

शेजारच्या भिंतीतून मालिकेचं संगीत सुरू झालं.

मग वरच्या मजल्यावरून. मग गल्लीपलीकडून. सगळा जेल रोड तोच भाग बघत होता.

"आई, भिंतीतून सगळं ऐकू येतंय," वेदिका म्हणाली. मी तिचे कान दाबले. तिने माझे हात खाली केले. ती ऐकत होती.

संगीत थांबलं. यानाचं दार उघडल्याचा आवाज झाला.

आणि तो बोलला. टोपातून नाही, उघड्या तोंडाने. लग्नाआधीचा कोवळा आवाज, शेवटी जरासा चढणारा. आपण या नौकेचे कॅप्टन आहोत, असं तो सांगत होता.

रंगूमावशी भिंतीपलीकडे कोणाला तरी म्हणाल्या, कॅप्टन म्हणजे हाच, पुढे असा झाला नाही.

मी तिचा हात पुन्हा घट्ट धरला. तो होता. गरम होता, बोटं पाच होती, शाईचे डाग जागच्या जागी होते. मला वाटलं, टळलं.

वेदिकाने खोलीभर नजर फिरवली. मग माझ्याकडे बघितलं. रुसवा गेला होता. परक्या घरी मुली बसतात तशी ती पाय जुळवून, सावरून बसली.

"काकू, माझा हात सोडता का?" ती म्हणाली. "आई वाट बघत असेल."

मी नाही सोडला. तिने माझं एकेक बोट हळूच बाजूला केलं, येते म्हणाली आणि बाहेर गेली. दारात माझ्या एकटीच्याच चपला होत्या. तिने इकडेतिकडे जरा शोधल्यासारखं केलं आणि अनवाणीच जिना उतरली.