पाच नंबरची खाट

सत्यभामा सिस्टर आणि खुशाल गुरुजी यांची पहिली गाठ पडली ती धडकूनच. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती डॉक्टरांना शोधत धावत होती अन् समोरून तो चहाची किटली घेऊन येत होता. सगळा चहा तिच्या पांढऱ्या साडीवर! "डॉक्टर..." एवढंच ती म्हणाली. किटली तिथंच टाकून तो डॉक्टरांच्या क्वार्टरकडं पळाला.

वॉर्डात त्याचीच आई, शकुनबाई, अंगभर गांधी उठून श्वासासाठी तडफडत होती. डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं आणि तासाभरानं श्वास थाऱ्यावर आला.

त्याला चार दिवस झाले. एकोडी गावचा हा गुरुजी आता रोज तिच्या टेबलाशी घुटमळायचा. कधी थर्मामीटर कसा झटकतात ते विचारायचा, कधी तिची ड्युटी केव्हा सुटते ते. आज त्यानं उकडलेले शिंगाडे आणले होते... सोलून, पळसाच्या पानात.

"घ्या ना, सिस्टर. तुमी धावल्या म्हणून माय वाचली."

तिचे कान तापले. मोठ्या सिस्टरांनी बजावलं होतं, रिअ‍ॅक्शन कोणालाही येते, तोंड उघडायचं नाही. आणि त्याचे ते हसरे डोळे... आवडू लागले होते, म्हणूनच तर त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"माह्याकडं पाहून काहून नाही राहिल्या?" त्यानं हळूच विचारलं. "मी का इतका वंगाळ दिसतो?"

"वंगाळ तर मी आहो." मग तिला थांबता आलं नाही. "ती सुई मीच टोचली, गुरुजी. पेनिसिलीनची. सहा नंबरच्या कुंताबाईची होती. तुमच्या आईले ते चालत नाही, असं पाच नंबरच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं. मी खाटेचा नंबर पाहिला... बाईले नाव नाही विचारलं."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं पळसाच्या पानाची कड चुरगाळली.

"खाट मी बदलवली," तो म्हणाला.

पाच नंबरच्या खाटेचं डोकं उत्तरेकडं. तशी झोपायला शकुनबाई काही केल्या तयार होईना, आणि कुंताबाई असलं काही मानत नव्हती. त्यानं कोणाला न विचारता दोघींची अदलाबदल करून टाकली. चार दिवस तोही गप्पच होता.

"वाटलं, तुमाले समजलं तर बोलणार नाही माह्याशी."

"तरीबी नाव विचारायचं काम माझंच होतं."

तिनं रिपोर्टचं बुक ओढलं आणि लिहायला लागली.

"काय करतील?" त्यानं विचारलं.

"बदली. लाखांदूरले टाकतील... नाहीतर घरी बसवतील."

"खाट कोणं बदलवली, तेबी लिहा," तो म्हणाला. थोडा अडखळला. "लाखांदूरले एसटी जाते. अन् घरीच बसवलं... तर घर एकोडीतबी आहे, सत्यभामा."

तिनं ओळ पूर्ण केली, खाली सही केली, आणि मग त्याच्याकडं पाहिलं.